खालच्या देवाची मूठ

"म्हातारी बोलवतीया, गुरुजी," सोमा असवले अंगणाच्या कडेला उभा राहून म्हणाला. "सांगायचं म्हणतीया."

आबांची दाढी चालली होती. अर्ध्या गालाचा फेस तसाच ठेवून ते उठले.

"काय सांगायचं म्हणतात?"

"ते तुमचं. जुनं. तुम्ही इचारता ते."

"आजच?"

"आजच आलात तर बरं. उद्यापास्नं आमी रानात हिरडा येचाया जाणार."

चहा नको म्हणाला, आत आला नाही. जाताना माझ्याकडे बघून हसला आणि लगेच मान फिरवली. मला वाटलं, लाजला असेल. दोन वर्षांत आमच्या अंगणात आपणहून कोणी पाऊल ठेवलं नव्हतं.

उरलेली दाढी करताना आबांनी हनुवटी कापून घेतली. कपाटातून कोट काढला, त्याचा डांबरगोळ्यांचा वास घरभर सुटला. "शेवंता, तूही चल," ते म्हणाले. "असं ऐकायला पुन्हा मिळणार नाही." मी तेव्हा जुन्नरला शिकत होते, होळीच्या सुट्टीला घरी आले होते. इतक्या घाईने चपला घालणारे आबा मी पहिल्यांदाच पाहत होते.

आमचे आबा, भागुजी गवारी, उंबरमाचीच्या शाळेत मास्तर होते. कड्याच्या माथ्यावर चार वाड्या विखुरलेल्या, खाली दरी, आणि पावसाळ्यात बाकीच्या जगाशी काही संबंध नाही, असं ते गाव. त्याचा इतिहास लिहायचं आबांनी मनावर घेतलं होतं. त्यांची विचारायची एक रीत होती. कोणाच्या घरात ते कधी कागद काढत नसत. कागद दिसला की माणसं तलाठ्याशी बोलल्यासारखी बोलतात, असं ते म्हणत. त्याऐवजी कोटाच्या खिशात सुके बाळहिरडे असत, काळे, खडखडीत. जमिनीवर मांडी घालून ते विचारत, "बापाचं नाव?" नाव आलं की एक हिरडा जमिनीवर. "त्याच्या बापाचं?" दुसरा. नावाबरोबर गोष्टी निघत, भांडणं निघत, कोणाची म्हैस कोणी मारली ते निघे. नावं संपली की आबा शेवटचा हिरडा सांगणाऱ्याच्या तळहातावर ठेवत. "आणि हा तुमचा." आपण कशाच्या टोकाला उभे आहोत ते माणसाला हाताला कळावं, एवढाच त्यामागे विचार होता.

वाईट एवढंच झालं, की आबा वयाच्या क्रमाने जात. सगळ्यात म्हाताऱ्याकडे आधी, कारण तो आधी जाणार. त्यांचं गणित बरोबर होतं. गावाने ते उलटं वाचलं. गुरुजी हिरडा हातात देतात आणि माणूस जातं.

आधी चेष्टा झाली. "गुरुजी, आमचा म्हातारा अजून दोन भाकरी खातोय, तुमी पुढं व्हा." मग दारं लागू लागली. एकदा तर एक आजोबा आबांना पाहून गोठ्यात पळाले आणि म्हशीमागे दडून बसले, ते अंधार पडेपर्यंत. आई तापाने गेली तेव्हा पाणवठ्यावर बायका बोलल्या, "घरातच हिरडा ठिवला असंल." आबांनी आईला कधी काही विचारलंच नव्हतं. ती घरातच आहे, तिला केव्हाही विचारता येईल, असं ते म्हणायचे.

त्यांच्या सगळ्या इतिहासात एक भोक होतं. नव्याच्या दिवशी, नवीन नाचणीची पहिली भाकरी खाण्याआधी, आमच्या गावात प्रत्येक घर नाचणीची एक मूठ कड्यावरून खाली टाकतं. खालच्या देवाची मूठ. खाली देऊळ नाही, शेंदूर फासलेला धोंडासुद्धा नाही. देव कुठला, त्याचं नाव काय, विचारलं की लोक म्हणत, "खालचा देव. आणि काय?" माणसं इथे माचीवर कुठून आली, कधी आली, तेही कोणाला ठाऊक नव्हतं. या दोन गोष्टींना एकच उत्तर आहे, अशी आबांची खात्री होती. आणि ते ठाऊक असेल तर सोमाच्या आईला, कोंडाबाईला. तिने आबांना दोनदा हाकललं होतं, दुसऱ्यांदा पायलीचं माप फेकून मारून.

वाटेने आबा माझ्यापुढे चालत होते. खिशातले हिरडे वाजत होते.

असवल्यांचं अंगण सारवलेलं होतं. आबांना बसायला नवी घोंगडी टाकली. गुळाचा चहा आला, दूध घातलेला. शेजारपाजारची पाच-सात माणसं ओटीवर येऊन बसली होती, एकाने तर पोराला खांद्यावर घेतलं होतं. सगळे आबांशी इतकं गोड बोलत होते की आबा अवघडून गेले.

"पोरी, पाय धुवायचं तर मागं ये," सोमाची बायको हौसा म्हणाली.

मागच्या दारी मोरीशेजारी भिंतीला दोन लांब बांबू टेकवून ठेवले होते. नुकते तोडलेले, हिरवेगार. खाली त्याचेच हात-हातभराचे तुकडे, पेंढ्याची पेंडी, सुंभाचं बंडल. बाजूला एक कोरं मडकं पालथं घातलेलं.

"हे कशाला, वहिनी?"

हौसा चुलीपुढे बसून भाकरी थापायला लागली होती. "कशाला म्हंजी? लागंलच की."

"आजींचा आवाज तर चांगला खणखणीत येतोय."

"त्येच तर." तिने भाकरी तव्यावर टाकली. "दिवाळीच्या आधी पडली, खुब्याचं हाड मोडलं. तवापास्नं समदं जाग्यावर. दिवसा शिव्या देती, रातीला वरडती. भगत झाला. गंगाजल झालं. कुणीतरी म्हनलं, वासराची शेपटी हातात द्या. दिली. तर शेपटीच सोडंना. वासरू वरडाया लागलं, तरी सोडंना."

ती हसली. मलाही हसू आलं.

"हिरड्याचे दिस हायत. येक माणूस हिच्याजवळ बसवायचं म्हंजी वर्साचं मीठ-मिरची गेलं. जीव कशात आडकलाय कळंना. मग मी ह्यास्नी म्हनलं, गुरुजींना बोलवा. त्येंच्या हाताला गुण हाय."

मी लोटा हातात धरून उभी राहिले.

"आबांना ठाऊक आहे हे?"

"त्येंनी काय येगळं करायचं हाय का? नेहमीसारखं इचारायचं. त्येंचंबी काम व्हतंय, आमचंबी." तिने भाकरी उलटली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. बाई कित्येक रात्री झोपली नसावी. "सांगू नगंस, हां. मन लावून इचारू दे."

आत आले तेव्हा आबा कोंडाबाईच्या अंथरुणाशी बसले होते. मी दाराजवळ टेकले. आबांच्या हनुवटीवर रक्ताचा ठिपका वाळला होता आणि ते लहान पोरासारखे पुढे वाकले होते. त्या तोंडाकडे बघून मला बोलवेना.

"आलास व्हय?" कोंडाबाई म्हणाली. अंगावर काही उरलं नव्हतं, पण डोळे स्वच्छ होते. "मला वाटलं, मला सोडून समद्या गावाला पोचवणार तू."

ओटीवर कोणीतरी खोकलं.

"तुम्हीच हाकललंत, आजी. दोनदा."

"तवा जगायचं हुतं."

आबांनी खिशात हात घातला. "बापाचं नाव?"

"बापाचं समदी सांगत्यात. आयचं इचार की. येवढं गाव पालथं घातलंस, कुणाच्या आयचं नाव इचारलंस का कधी?"

"नाही."

"मग इचार."

"आईचं नाव?"

"भीमा."

हिरडा जमिनीवर टेकला.

"तिच्या आईचं?"

"ठकी. माझी आजी. हिनंच सांगितलं मला समदं. आणि म्हनली, कुणाला सांगू नगंस, लोक भाकरी खाणार न्हाईत."

"ठकीच्या आईचं?"

"राही." आबांचा हात हिरडा ठेवायला गेला तेवढ्यात ती म्हणाली, "राही वर आली न्हाई."

"कुठून वर?"

"खालनं. आपलं गाव कड्याखाली हुतं. हितं वर कोण ऱ्हात नव्हतं. मग वळीनं दोन साल पाऊस झाला न्हाई. झरा आटला, जनावरं मेली. वर माचीवर टाकं हुतं, त्याला पाणी हुतं. तरणी माणसं म्हनली, वर जाऊ. वाट कुठली? येली धरून चढायचं. पोरं पाठीला बांधली. म्हाताऱ्यांस्नी कोण उचलणार? राही तरणी हुती, पण पाय मोडला हुता, तीबी त्येंच्यात ऱ्हायली."

हौसा चुलीपुढून उठून दारात आली होती, हाताला पीठ तसंच.

"झऱ्यापाशी वड हुता. त्येच्याखाली बसवलं समद्यांस्नी. येकेकापाशी येक मडकं पाणी ठिवलं. म्हनले, दोन रोजात झोळी करून नेतो."

"आणि?"

"आणि काय? वर पाणी हुतं. नाचणी पेरली." तिच्या घशात काहीतरी घरघरलं. "वर हाका ऐकू यायच्या. ठकी ल्हान हुती, पण तिला आठवायचं. आधी खालची माणसं हाका मारायची. मग घसा गेला असंल, तर मडकी वाजवायची. येक येक मडकं कमी व्हायचं. मग पीक आलं. पहिली भाकरी खाताना कुणाच्या तरी घशाखाली उतरंना. खाली जायला तोंड न्हाई. म्हून वरनंच मूठ टाकली."

आबांनी हातातला हिरडा आता कुठे जमिनीवर ठेवला. दुःख होतं की नाही मला सांगता येणार नाही. आयुष्यभर शोधलेली वस्तू हाताला लागलेल्या माणसाचं तोंड होतं ते.

"म्हणजे खालचा देव..."

"देव कसला रं? माझी पणजी हाय ती."

"काय बी बोलतीया," सोमा दारातून म्हणाला. "डोकं फिरलंय, गुरुजी. तुमी नावं घ्या आणि उरका."

"तू गप रं," कोंडाबाई म्हणाली. "तुझं मडकं वाजवून बघितलेलं ऐकलं मी सकाळी. चांगलं हाय. गळायचं न्हाई."

मग तिने घोंगडीखालून हात बाहेर काढला आणि आबांच्या पुढे धरला. तळहात उघडा.

"दे माझा. त्येच्यासाठीच तर बोलावलाय तुला."

ओटीवरची माणसं पुढे सरकली. खांद्यावरच्या पोराला बापाने नीट दिसेलसं धरलं. आबांचा हात खिशात गेला, आणि खिशातच राहिला.

"रांग संपली नाही अजून," ते म्हणाले. "राहीच्या आईचं नाव राहिलंय."

"म्हाईत न्हाई मला."

"आठवा. मी उद्या येतो."

"आत्ताच इचारून घ्या की, गुरुजी," सोमा म्हणाला. "उद्या आमी घरी न्हाई."

"मी येतो ना."

अंगणात सोमाने आबांना गाठलं. आता आवाजातला गोडवा गेला होता. "तुमचं तेवढं झालं व्हय? आमचं ऱ्हायलं. तिचंबी ऱ्हायलं. चार रोज जास्त कुजवून काय मिळणार तुमास्नी?"

आबांनी चपला घातल्या. वाटेला लागल्यावर बराच वेळ मी शब्द जुळवत होते. शेवटी आबाच म्हणाले, "बांबू ओले होते."

मी थांबले. "तुम्ही मागच्या दारी गेला होतात?"

"खिडकीतून दिसत होते. पण त्याआधीच कळलं होतं. सोमा अंगणात उभा होता तेव्हाच. नाहीतर मला कोण बोलावतंय?"

"मग गेलात कशाला?"

ते वळून पाहायलाही थांबले नाहीत. "ती सांगणार होती, शेवंता."

त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत. लिहीत बसले. मी भांडी घासत होते तेव्हा आतून गुणगुणणं ऐकू आलं. आई गेल्यापासून ते गुणगुणले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आम्ही गेलो. वाडी रिकामी होती. माणसं, पोरं, कुत्रीसुद्धा हिरड्याच्या रानात गेली होती. असवल्यांच्या दाराला बाहेरून कडी होती. आबांनी ती काढली.

कोंडाबाई तिथेच होती, जागी. तिच्या उशाशी ते कोरं मडकं पाण्याने भरून ठेवलं होतं, वर वाटी पालथी घातलेली. बाजूला फडक्यात भाकरी. ठेवणाऱ्याने नीट ठेवलं होतं सगळं. फक्त तिच्या हाताला पोचेल त्याहून वीतभर लांब.

"गेली समदी," ती म्हणाली. ओठ चिकटले होते. "म्हनली, दोन रोजात येतो."

आणि हसली. ते हसणं मला आजही कोणासमोर सांगता येत नाही.

मी वाटीने पाणी पाजलं. अर्धं गळ्यावरून ओघळलं. आबा काल बसले होते तिथेच बसले. कालचे तीन हिरडे जमिनीवर तसेच होते, कोणी केर काढताना हलवले नव्हते. हात लावायला भ्याले असतील.

"न्हाई आठवलं," कोंडाबाई म्हणाली. "राहीच्या आयचं. रातभर आठवलं."

"राहू द्या."

"आता काय इचारतोस?"

"काही नाही."

"मग दे की, भागुजी. कशाला रडवतोस?"

आबांनी हिरडा तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. "आणि हा तुमचा," हे मात्र म्हणाले नाहीत.

आम्ही बसून राहिलो. दुपार कलली तशी ती श्वास मोजून घेतल्यासारखा घेऊ लागली, मग तेही थांबलं. आबांनी रानाकडे मारलेल्या हाका ऐकून सोमा आणि हौसा पोत्यांनिशी परतले तेव्हा मी तिचं तोंड पुसत होते. हौसा पोतं न उतरवताच खाली बसली आणि मोठ्याने रडली. ते रडणं खोटं नव्हतं. सोमाने आईची मिटलेली मूठ पाहिली. मग वाकून आबांच्या पाया पडला.

मडक्यातलं पाणी अंगणात ओतलं. तेच मडकं पुढे धरलं.

त्या वर्षीच्या नव्याला आबा कड्यावर उभे राहिले आणि जमलेल्या गावाला त्यांनी सगळं सांगितलं: झरा, वड, मडकी, राहीचं नाव. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग नाचणीची मूठ कड्यावरून खाली टाकली, "खालच्या देवा, सांभाळ रं बाबा," म्हणाले आणि भाकरी खायला घरी गेले. भाकरी सगळ्यांच्या घशाखाली उतरली.

आबांना मात्र त्यानंतर बोलावणी येऊ लागली. आमच्या वाड्यांतून, मग दरीपलीकडच्या गावांतून. माणसं अंगणाच्या कडेला उभी राहायची, चपला काढून, हात जोडून. "आमच्या म्हातारीला इचाराल का, गुरुजी? लई दिस झालं." आबा कोट चढवायचे. ते प्रत्येक वेळी गेले. आईचं नाव आधी विचारू लागले. त्यांचं पुस्तक निघालं, त्याचं कौतुकही झालं. इतकी घराणी, इतक्या बायकांची नावं या भागातून कोणी गोळा केली नव्हती. ती कशी गोळा झाली हे प्रस्तावनेत नाही. मीच ते हस्तलिखित उतरून काढलं, म्हणून मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी आबा माझ्याकडे होते, पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर. उजवं अंग गेलं होतं. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या बऱ्या होत नव्हत्या. माझी नोकरी, नवऱ्याच्या कामाच्या पाळ्या, रात्रीची बाई टिकत नव्हती. एका दुपारी जखमा धुताना ते इतके ओरडले की शेजारच्यांनी बेल वाजवली. मी दार उघडून, सगळं ठीक आहे, असं सांगितलं. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, फोन घेतला, आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या एका संस्थेचा नंबर लावला, तिथे जागा आहे का विचारलं. "दोनच महिने," मी म्हणाले, "मग घरी आणू."

परत आले तेव्हा आबा दाराकडेच बघत होते. जीभ जड झाली होती, पण शब्द कळायचे.

"बांबू ओले आहेत का गं?" त्यांनी विचारलं. "मागच्या दारी?"

"आबा, इथे मागचं दार नाही."

"बरं." त्यांची नजर कपाटाकडे गेली. "कोट आण."

कोट कपाटात होता, डांबरगोळ्यांत. खिशात हिरडे होते. मी खाली फरशीवर बसले, त्यांना दिसेल अशी.

"इचार," ते म्हणाले. साठ वर्षं शुद्ध बोललेला माणूस, शेवटी गावच्या बोलीवर आला.

मी विचारलं, "आईचं नाव?"

त्यांनी सांगितलं. तिच्या आईचं सांगितलं. तिच्या आईचं आठवायला त्यांना फार वेळ लागला. घाम आला, तरी सोडेनात, आणि मी थांबले. आठवलं. फरशीवर तीन हिरडे झाले. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आयच्या आयचं नाव मला ठावं न्हाई. तिला इचारायचं ऱ्हायलं." डोळ्यांतून पाणी आलं, ते डाव्या हाताने पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

तोच हात त्यांनी माझ्यापुढे धरला. उघडा.

खिशात हिरडे भरपूर होते. मी एक घेतला. रांग संपली नाही अजून, उद्या विचारते, असं मला म्हणता आलं असतं.